लोणार सरोवराचा पाणपसारा १९८८ पासून मोजतोय, पण आकडे उड्या मारतात. कुठे चुकतंय?

पाणरेघ

लोणार सरोवराच्या पाणपसाऱ्याची १९८८ ते २०२४ अशी मालिका तयार करायची आहे. गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन गणित करायची सोय) लॅन्डसॅट ५, ७, ८, ९ (कलेक्शन २, लेव्हल २) आणि २०१७ पासून सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं वापरतोय. निर्देशांक एमएनडीडब्ल्यूआय (ग्रीन म्हणजे हिरवा आणि स्विर म्हणजे लघुतरंग-अवरक्त, या दोन बँडांची वजाबाकी भागिले बेरीज), थ्रेशोल्ड ०.२ (त्याहून जास्त ते पाणी), आणि दरवर्षीचं जास्तीत जास्त क्षेत्रफळ घेतो. अडचणी अशा:

१. लॅन्डसॅटच्या बऱ्याच दृश्यांत तलावाचा अर्धाच भाग पाणी म्हणून येतो. काहींत तर काहीच येत नाही.
२. सेंटिनेलची मालिका २०२२ च्या सुरुवातीपासून एकदम आक्रसते.
३. डिसेंबर-जानेवारीत विवराच्या आतल्या उतारावर पाणी दिसतं.
४. मॅन-केंडल या कल तपासणाऱ्या चाचणीत कल ठामपणे 'सार्थ' (निव्वळ योगायोग नसलेला) येतो, पण त्यावर विश्वास ठेवावा का, कळत नाही.

शेवटी हे पावसाशी ताडून पाहायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

कातळकडा

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे: बँडच्या आकड्यांत मिसळलेली स्थिर बेरीज तुम्ही काढलेली नाही.

कलेक्शन २ मध्ये परावर्तन काढायचं तर पिक्सेलच्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करावे लागतात. हे न करता थेट निर्देशांक काढला तर काय होतं ते बघा. स्वच्छ पाण्याचं ग्रीन ०.०८ आणि स्विर ०.०१ धरा. खरा निर्देशांक ०.०७ भागिले ०.०९, म्हणजे ०.७८. कच्चे आकडे मात्र सुमारे १०१८२ आणि ७६३६. त्यांचा निर्देशांक जेमतेम ०.१४. तुमचा थ्रेशोल्ड ०.२, म्हणजे तलाव गेलाच. शेवाळाने पाणी हिरवंगार असेल त्या दिवशी ग्रीन ०.१२ च्या आसपास जातं आणि कच्चा निर्देशांक ०.२१ येतो. म्हणून तलाव कधी दिसतो, कधी अर्धाच दिसतो. तुमचा आलेख पाण्याचं क्षेत्र दाखवत नाही, पाण्याचा रंग दाखवतोय.

सेंटिनेलचंही तसंच. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची ०४.०० आवृत्ती लागू झाली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. ८०० आणि १०० चे १८०० आणि ११०० झाले, निर्देशांक ०.७८ वरून ०.२४ वर आला. मधलं पाणी थ्रेशोल्डवर कसंबसं टिकतं, काठचे मिश्र (थोडं पाणी, थोडी जमीन असलेले) पिक्सेल गळून पडतात, आणि तलाव आक्रसल्यासारखा दिसतो. अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संग्रह आहे, तो घ्या. त्यात हे १००० आधीच वजा केलेले असतात. थ्रेशोल्ड शून्य असता तर ही चूक लपून राहिली असती, कारण दोन्ही बँडांत सारखीच बेरीज झाली की वजाबाकीचं चिन्ह बदलत नाही. ०.२ मुळे ती उघडी पडली, हे बरंच झालं.

स्केलिंग केल्यावर एक नवी अडचण येईल, आधीच सांगून ठेवतो. वातावरणाची दुरुस्ती केल्यावर पाण्यावरचं स्विर कधीकधी शून्याच्या खाली जातं. अर्थ इंजिनचं 'नॉर्मलाइज्ड डिफरन्स' हे तयार फंक्शन ऋण आकडा दिसताच तो पिक्सेल झाकून टाकतं. मग तलावाच्या मधोमध, जिथे पाण्याबद्दल शंकाच नाही तिथेच भोकं पडतात. सूत्र एक्सप्रेशनने स्वतः लिहा आणि स्विरची किमान मर्यादा ०.०००१ ठेवा. बँडही तपासा: लॅन्डसॅट ५ आणि ७ साठी २ आणि ५, ८ आणि ९ साठी ३ आणि ६, सेंटिनेलसाठी ३ आणि ११. सेंटिनेलचा ११ वा बँड २० मीटरचा आहे, १० चा नाही.

मोजणीदार

तिसरी अडचण. लॅन्डसॅट साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला आणि क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंशांवर असतो. त्यामुळे विवराचा आग्नेयेकडचा आतला उतार अंधारलेला राहतो. अशा उतारावर थेट ऊन कमी आणि आकाशाचा पसरलेला उजेड जास्त पडतो. हा उजेड निळसर-हिरव्या बाजूला झुकलेला असतो, स्विरमध्ये जवळजवळ नसतोच. ग्रीन टिकतं, स्विर पडतं, आणि निर्देशांक पाण्यासारखा वागतो.

उपाय: कोपर्निकसचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल घ्या आणि १० अंशांहून जास्त उताराचे पिक्सेल वगळा. तलावाची जुनी हद्द मास्क म्हणून मुळीच वापरू नका. पाणी त्या हद्दीबाहेर चढलं तर ते तुम्हाला कधीच दिसणार नाही आणि 'पाणी वाढलं नाही' असा निष्कर्ष तुमच्याच मास्कमधून निघेल.

लॅन्डसॅट ७ बद्दलही सावध राहा. ३१ मे २००३ ला त्याचा स्कॅन-लाइन करेक्टर बंद पडला. तेव्हापासून प्रत्येक दृश्यात सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा असतो. २०१२ साली तुमच्याकडे दुसरं काही नाही, तेव्हा तो वापरावाच लागेल, पण तलावाचे किती टक्के पिक्सेल प्रत्यक्ष मिळाले ते दर दृश्यासोबत नोंदवा आणि ९५ टक्क्यांखालचं दृश्य टाकून द्या. २०१७ नंतर त्याची कक्षा सरकत गेली आणि तो हळूहळू लवकरच्या वेळेला येऊ लागला, म्हणजे सावल्या आणखी लांब. त्या काळासाठी लॅन्डसॅट ८ आहे, ७ सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या मापाची कुवत किती? तलाव साधारण १.२ किलोमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्र ११३ हेक्टरच्या आसपास आणि परीघ पावणेचार किलोमीटर. ३० मीटरचे सुमारे १२५ पिक्सेल काठावर बसतात. एक पिक्सेल ०.०९ हेक्टरचा, म्हणजे काठाच्या मिश्र पिक्सेलांतच सव्वाअकरा हेक्टर अडकलेले आहेत. ते सगळे एका बाजूला अर्धे चुकले तरी पाच टक्के फरक पडतो. एकेकट्या दृश्यात त्याहून छोटा बदल दिसला तर त्याला बदल म्हणू नका.

क्षेत्रफळ काढताना स्केल ३० असं स्पष्ट लिहा, प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर ठेवा, आणि 'बेस्ट एफर्ट' हा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की न सांगता पिक्सेल मोठे करतो.

रब्बीहंगाम

काळाच्या बाजूबद्दल लिहितो, कारण तुमची चौथी अडचण तिथली आहे.

वर्षातलं जास्तीत जास्त क्षेत्र घेणं सोडा. १९९० च्या दशकात या भागाची ढगविरहित दृश्यं वर्षाला मोजकी मिळतात, हल्ली दोन लॅन्डसॅट मिळून दर आठ दिवसांनी एक. जितकी दृश्यं जास्त, तितकं 'कमाल' आपोआप वर सरकतं. पाण्याचा थेंबही न वाढता चढता कल तयार होतो. वर्ष जून ते मे असं पाणवर्ष धरा आणि दोन ठरावीक खिडक्या ठेवा: १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, आणि १५ एप्रिल ते ३१ मे. प्रत्येक दृश्याचं क्षेत्र वेगळं काढून खिडकीतला मध्यक घ्या. आधी दृश्यांचं मध्यक-चित्र बनवून मग क्षेत्र काढू नका. झपाट्याने ओसरणाऱ्या काठावर ते भलतंच काही दाखवतं.

मॅन-केंडल धरून चालते की प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे. लोणारला बाहेर जाणारा प्रवाह नाही. यंदाच्या पाण्यात गेल्या वर्षीचं शिल्लक पाणी असतंच. समजा लागोपाठच्या वर्षांतला सहसंबंध ०.६ निघाला. मग ३६ वर्षांचा डेटा प्रत्यक्षात ३६ गुणिले ०.४ भागिले १.६, म्हणजे ९ स्वतंत्र वर्षांइतकाच. नऊ बिंदूंवर तुम्ही ठामपणा दाखवत होतात. हमीद आणि राव यांची १९९८ ची सुधारित मॅन-केंडल वापरा, कलाचा वेग सेनच्या उताराने (वर्षांच्या सगळ्या जोड्यांमधल्या उतारांचा मध्यक) द्या, आणि पेटिट चाचणीने मधे एखादी पायरी आहे का ते बघा. पायरी नेमकी २०१३ (लॅन्डसॅट ८ आला) किंवा २०२२ ला (सेंटिनेलची आवृत्ती बदलली) निघाली तर आधी उपग्रह तपासा, मग हवामान.

पावसासाठी चर्प्स हा उपग्रह आणि पर्जन्यमापकांवरून बनवलेला संच १९८१ पासून आहे, पण त्याचा पिक्सेल सुमारे साडेपाच किलोमीटरचा. सगळं विवर एकाच पिक्सेलात मावतं. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा ०.२५ अंशाचा जाळीदार पाऊस त्याहून भरड, पण लांब काळाचा आहे. दोन्हींनी करून बघा. 'धार' या झऱ्यासारखे झरे वर्षभर पाणी आणतात, त्यामुळे नुसत्या त्याच पावसाळ्याशी जुळवू नका. एक, दोन आणि तीन वर्षांच्या बेरजेशी वेगवेगळा सहसंबंध काढा.

पाणरेघ

स्केलिंग दुरुस्त केलं, तलाव पूर्ण दिसायला लागला. सगळ्यांचे मनापासून आभार. आता ईशान्येकडे काठ खूप सरकलेला दिसतो, बाकी बाजूंना फारसा नाही. ईशान्येकडूनच पाणी जास्त येतं, असा अर्थ घ्यावा का?

कातळकडा

नाही. ईशान्येला धारेच्या ओहोळाने आणलेल्या गाळाचा पंखा आहे, तिथला उतार मंद. दुसऱ्या बाजूंना जमीन लवकर चढते. एक मीटर पाणी चढलं तर दोन टक्के उतारावर काठ ५० मीटर सरकतो, दहा टक्के उतारावर फक्त १०, म्हणजे पिक्सेलच्या आतच. तुम्ही जमिनीचा उतार मोजलात, पाण्याची दिशा नाही.

तलावाच्या मध्यातून १६ त्रिज्या काढा, प्रत्येकीवर काठ किती सरकला ते दर खिडकीला मोजा आणि त्याला त्या त्रिज्येवरच्या उताराने गुणा. पातळीतला बदल मीटरमध्ये मिळेल. पाणी सपाट असतं, तेव्हा सोळाही आकडे जवळपास सारखेच यायला हवेत. एखादी त्रिज्या सतत वेगळी येत असेल तर तिथे गाळ साचलाय, झाडं आहेत किंवा वर्गीकरण चुकतंय. यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही. उतार मात्र पाण्यावरच्या जमिनीचाच घ्या. उंचीच्या मॉडेलमध्ये पाण्याचा भाग सपाट करून टाकलेला असतो, त्याखालचा तळ त्यात नाही.

मोजणीदार

दोन गोष्टी जोडतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. त्या काळात निअर-इन्फ्रारेडवर आधारलेल्या साध्या एनडीडब्ल्यूआयवर विसंबू नका. शेवाळ किंवा सूक्ष्मजीव दाट झाले की निअर-इन्फ्रारेड वाढतं. स्विर पाण्यात शोषलंच जातं. उन्हाळ्यात मात्र ओला खारट चिखल एमएनडीडब्ल्यूआयमध्ये पाणी म्हणून घुसतो. एप्रिल-मेच्या खिडकीत एडब्ल्यूईआय हा दुसरा पाणी-निर्देशांक सोबत चालवा आणि दोन्ही जिथे भांडतात ते पिक्सेल 'अनिश्चित' म्हणून वेगळे मोजा.

पडताळणीचे बिंदू सगळीकडे विखरू नका. तलावाच्या मध्यात शंभर बिंदू टाकले तर अचूकता ९८ टक्के येईल आणि तिचा काही उपयोग नसेल. काठाच्या दोन्ही बाजूंना ६० मीटरचा पट्टा वेगळा स्तर धरा, निम्मे बिंदू तिथेच टाका, आणि गूगल अर्थच्या जुन्या बारीक चित्रांवर त्याच महिन्याचं चित्र असेल तरच तपासा.

आणि काठावरच्या वेड्या बाभळी. पाणी त्यांच्यात शिरलं की उपग्रहाला वरचा पाला दिसतो, खालचं पाणी नाही. त्या पट्ट्यात वाढ नेहमी कमीच मोजली जाते. सेंटिनेल-१ च्या रडारमध्ये अशी बुडालेली झाडं उघड्या पाण्यासारखी काळी न दिसता उलट उजळ होतात, कारण लहर पाण्यावर आणि खोडावर अशी दोनदा आपटून परत येते. ऑक्टोबरच्या व्हीव्ही (लहर उभ्या ध्रुवणात पाठवून उभ्यातच टिपलेल्या) दृश्यात तो उजळ कडा शोधा. झाडं पाण्यात उभी आहेत याचा तो चांगला संकेत आहे.