मदत हवी आहे: हिस्पानो-सुइझाच्या सर्वो ब्रेकबद्दल

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी हिस्पानो-सुइझा या जुन्या मोटार कंपनीवर लेख लिहितोय. इतिहास बराचसा हाताशी आहे, पण ब्रेकपाशी येऊन अडलोय.

मार्क बिर्किग्ट हा स्विस इंजिनिअर आणि दामियान माटेऊ हा उद्योजक. दोघांनी १९०४ मध्ये बार्सिलोनात कंपनी काढली. स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो त्यांचा मोठा चाहता, त्याच्या नावाचं मॉडेलही निघालं. पण कंपनीचं नशीब पालटलं ते पहिल्या महायुद्धात. बिर्किग्टने विमानासाठी व्ही८ इंजिन (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी V सारख्या मांडलेल्या) तयार केलं. सुटे सिलिंडर जोडण्याऐवजी चार सिलिंडरचा ॲल्युमिनियमचा अखंड ब्लॉक ओतायचा आणि आत स्टीलच्या नळ्या आट्यांनी घट्ट बसवायच्या, ही त्याची करामत. फ्रान्सच्या स्पॅड विमानांत हीच इंजिनं होती. वैमानिक गिनमेरच्या तुकडीचं चिन्ह होतं उडता करकोचा. युद्धानंतर तोच या गाड्यांच्या रेडिएटरवर येऊन बसला.

१९१९ च्या पॅरिस प्रदर्शनात एच६ ही गाडी आली. ६.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ब्रेक आणि त्यांच्या मदतीला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेक लावणारी यंत्रणा. माझ्या मते ही कंपनीची सगळ्यात मोठी कामगिरी. पुढे खुद्द रोल्स-रॉइसनेही या कल्पनेचा परवाना घेतला!

मला समजलंय ते असं: गिअरबॉक्सवरून फिरणारा एक छोटा ड्रम असतो. पेडल दाबलं की घर्षणाने तो ब्रेकचे दांडे ओढतो, म्हणजे गाडीचा वेगच गाडी थांबवायला कामी येतो. मग रिव्हर्समध्ये ड्रम उलटा फिरला की ओढ कशी मिळते? जुन्या गाड्यांवर प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी हे साध्या भाषेत समजावून सांगाल का? हाताने काढलेली आकृती मिळाली तर फारच छान.

युरोपातल्या मंडळींना आणखी एक विनंती. फ्रान्समधल्या म्युलूझच्या मोटार संग्रहालयात किंवा बार्सिलोनाजवळच्या तेरासा शहरातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात जाणं झालं, तर करकोच्याचा जवळून फोटो काढाल का?

आणि इंदूरकरांनो, महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे याच कंपनीची बारा सिलिंडरची जे१२ होती. ती पाहिलेल्या कुणाची आठवण तुमच्या घरात सांगितली जात असेल, तर इथे जरूर लिहा. फोटो आणि आठवणी विचारूनच वापरेन आणि लेखात तुमचं नाव देईन.

आगाऊ धन्यवाद.