मदत हवी आहे : रानतेरड्यातील फरक आनुवंशिक आहे की परिस्थितिजन्य?

सप्रेम नमस्कार.

कोकणातील आणि घाटमाथ्यावरील रानतेरड्याची तुलना करताना मला फुलामागच्या मधाच्या वाकड्या नळीची लांबी, पानांची रुंदी आणि खोडावरची लव यांत ठळक फरक दिसतो. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात, पण बिया आईझाडापासून फार दूर जात नाहीत. त्यामुळे दरीपलीकडच्या दोन समूहांत जनुकांची देवाणघेवाण कमीच होत असावी, असा माझा अंदाज आहे. मात्र माती, सावली आणि पाऊस यांचाही हा परिणाम असू शकतो.

दोन्हीकडचे बी एकाच वाफ्यात वाढवून रोपांची मोजमापे घेण्याचे ठरवले आहे. आईझाडाच्या पोषणाचा प्रभाव टाळण्यासाठी पहिली पिढी सोडून दुसरीचीच मापे धरावीत का? डीएनए तपासणीसाठी सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) वाळवायची पाने गोळा करताना रोपांमध्ये किती अंतर राखावे, म्हणजे भावंडेच गोळा होणार नाहीत?

सर्वांत मोठी अडचण बागेतल्या तेरड्याची आहे. तो त्याच जातीचा असल्याने रानातल्या झाडांशी त्याचा संकर झाला असल्यास तो मायक्रोसॅटेलाइट खुणांवरून (डीएनएमधील पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून) ओळखता येईल का? शिवाय गौरीसाठी उपटून नेलेल्या रोपांबरोबर बियाही गावोगाव पोहोचत असतील, तर समूहांच्या सीमा कशा ठरवाव्यात? अनुभवी अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.