बहादुरला विसरलो ते आपलंच करंटेपण

कुर्ता-जीन्स:
माळा झाडताना इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक सापडला. मुखपृष्ठ गायब, पिना गंजलेल्या, आत बहादुर. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, आपला देशी सुपरहिरो! १९७६ साली आबिद सुरतींनी हा नायक लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. इंद्रजालमधलाच वेताळ, म्हणजे फँटम, म्हटलं की पन्नाशीतला माणूसही कवटीच्या अंगठीबद्दल बोलायला लागतो. बहादुर म्हटलं की "कोण बुवा?" परक्या जंगलातला लक्षात राहिला आणि घरचा रद्दीत गेला.

चहाबाज:
सुपरहिरो कसला तो? उडत नाही, अदृश्य होत नाही. दरोडेखोरांशी मारामारी करणारा होतकरू तरुण, बस. विसरले लोक, त्यात नवल काय?

रद्दीप्रेमी:
मग वेताळ कुठे उडायचा? त्याच्याकडेही घोडा, लांडगा आणि दरारा एवढंच होतं. आणि बहादुरची गोष्ट बघा ना. बाप भैरवसिंग दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या विशालने गोळी झाडली, त्यानेच पोराला वाढवलं. सूड घ्यायला निघालेला पोरगा शेवटी गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. एवढा पेच वेताळाच्या वाट्याला कधी आला नाही.

चहाबाज:
पेच मान्य. पण तेच चंबळ, तेच डाकू किती वर्षं वाचायचं?

जुनाबाजार:
डाकूंचा दोष नाही हो. वेताळ १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत होता, इंद्रजाल नसतं तरी जगला असता. बहादुरचं घर एकच. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं आणि तो उघड्यावर आला. नुसत्या प्रसिद्धीनं भागत नाही. सुप्रीमो आठवतो का? खुद्द अमिताभला नायक करून काढलेलं कॉमिक, वेशभूषा आपल्या चित्रकार प्रताप मुळीकांची. अमिताभ घरोघरी, सुप्रीमो कुठेच नाही.

चहाबाज:
तो गुलाबी पोशाख विसरलेलाच बरा!

रद्दीप्रेमी:
जरा विषयांतर. सुरती २००७ पासून मीरा रोडला प्लंबर घेऊन घरोघरी जायचे, गळके नळ फुकट दुरुस्त करायला. बहादुरसारखं दल त्यांनी खरंच काढलं म्हणायचं.

चहाबाज:
हे माहीत नव्हतं. तरी बहादुर सुपरहिरो नाहीच.

कुर्ता-जीन्स:
बरं, नसू दे. माझ्या अंकाची शेवटची चार पानं नाहीत, बहादुरची मैत्रीण बेला बांधलेली आहे आणि पुढे काय ते कळत नाही. कुणाकडे असतील तर फोटो टाका.