घर खाली करण्याच्या दाव्यात गरीब भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील मिळावा का?

कैफियत (धागाकर्ता):
फौजदारी खटल्यात ज्याला वकील परवडत नाही त्याला तो सरकारने द्यावा, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये गिडियन खटल्यात दिला. दिवाणी दाव्यांना मात्र हा हक्क आपोआप लागू होत नाही. परिणामी ज्याच्यावर तुरुंगवासाची टांगती तलवार आहे त्याला वकील मिळतो आणि ज्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येणार आहे त्याने एकट्याने न्यायाधीशांपुढे उभे राहायचे, अशी विसंगती तयार झाली. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना अशा दाव्यांत वकील देण्याचा कायदा केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को व क्लीव्हलँड ही शहरे आणि 2021 मध्ये वॉशिंग्टन हे राज्य त्याच वाटेने गेले.

हा हक्क सर्वत्र असावा आणि तो सुनावणीच्या दिवशी नव्हे, तर नोटीस हातात पडल्यापासून सुरू व्हावा, असे माझे मत आहे. वकील म्हणजे केवळ युक्तिवाद करणारा माणूस, अशी आपली समजूत असते. पण या दाव्यांत बरेचसे काम त्याआधीच होऊन जाते. नोटीस योग्य रीतीने बजावली गेली का, तिच्यातील मुदत कायद्याप्रमाणे आहे का, मागितलेल्या थकबाकीत रोखीने दिलेले आणि पावती न मिळालेले महिने धरले आहेत का, हे सगळे तपासावे लागते. त्याहून नाजूक जागा म्हणजे न्यायालयाचा व्हरांडा. पुकारा होण्यापूर्वी मालकाचे वकील तडजोडीचा कागद पुढे करतात, भाडेकरू सुटकेच्या भावनेने सही करतो, आणि एक हप्ता चुकला तरी पुन्हा सुनावणी न होता ताबा द्यावा लागेल, ही अट त्याच्या लक्षात बेलिफ दारात आल्यावर येते.

दोन खोल्यांचा मालक:
आपण चित्र रंगवले आहे ते मोठ्या कंपन्यांच्या इमारतींचे. ज्याच्याकडे भाड्याने देण्यासारख्या दोनच खोल्या आहेत आणि त्यांवर कर्जाचा हप्ता चालू आहे, तो मालकही वकिलाची फी खिशातूनच भरतो. भाडेकरूला फुकट वकील मिळाला की मुदतवाढीचे अर्ज सुरू होतात आणि तेवढे महिने भाडे बुडते. या दाव्यांचे मूळ बहुतेक वेळा थकबाकीत असते. मग जो पैसा सरकार वकिलांवर खर्च करणार, तोच थेट थकलेल्या भाड्यात का घालू नये? मालकाला पैसे मिळतील, भाडेकरू घरात राहील आणि दावाच उरणार नाही. शिवाय दावा महाग आणि लांबट झाला की मालक भाडेकरू निवडताना अधिक कडक होतात, आणि तो फटका अस्थिर उत्पन्नाच्या माणसालाच बसतो. ज्याच्या नावाने ही योजना उभी करायची, त्यालाच घर मिळणे अवघड व्हावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

आकडेमोड:
दोन्ही बाजूंनी ठाम विधाने झाली आहेत, म्हणून मोजलेले काय आहे ते मांडतो. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या गृहन्यायालयात (घरमालक-भाडेकरू दावे चालवणाऱ्या न्यायालयात) 268 प्रकरणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून एक प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना वकील मिळाला त्यांतील सुमारे 22 टक्के भाडेकरूंविरुद्ध निकाल लागला. वकील नसलेल्यांत हेच प्रमाण सुमारे 51 टक्के होते. हा फरक किरकोळ नाही.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पुढे असेच दोन प्रयोग झाले. क्विन्सीच्या जिल्हा न्यायालयात पूर्ण वकील मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश भाडेकरूंनी घर राखले, तर केवळ मर्यादित मदत मिळालेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले. त्याच राज्यातील एका गृहन्यायालयात मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा न्यायालय कसे चालते, कोणती प्रकरणे निवडली जातात आणि वकील किती आक्रमकपणे लढतो, यांवर बरेच अवलंबून असावे, असे मला वाटते. ‘वकील दिला की घर वाचते’ हे सूत्र जसे चुकीचे, तसेच ‘वकिलाने फक्त उशीर होतो’ हेही.

कैफियत:
थकबाकी सरकारने भरावी, या सूचनेला माझा विरोध नाही. पण ती वकिलाची जागा घेऊ शकत नाही. थकबाकी नेमकी किती, हाच अनेकदा वादाचा मुद्दा असतो. मालकाने सांगितलेली रक्कम तपासल्याविना सरकारी तिजोरीतून भरली, तर चुकीच्या मागणीवर शिक्कामोर्तब होईल. आणि ज्या दाव्यांत भाडे थकलेलेच नाही, त्यांचे काय? इंग्लंडमध्ये कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर खाली करून मागण्याची सोय 1988 च्या कायद्यातील कलम 21 मध्ये होती; ती काढून टाकणारा कायदा होण्यासाठी 2025 साल उजाडावे लागले. तिथे अनुदान देऊन काय साधले असते?

बाररूम:
मूळ लेखातील नोटिशीपासूनच्या वकिलाचा आग्रह मला पटतो, परंतु हक्क लिहून ठेवणे सोपे आणि माणसे उभी करणे कठीण. न्यूयॉर्कमध्ये 2022 साली विधी साहाय्य संस्थांना काही भागांत नवी प्रकरणे घेणे थांबवावे लागले, कारण न्यायालये ज्या वेगाने तारखा लावत होती त्या वेगाने वकील मिळत नव्हते. भारतात 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेखाली. म्हणजे विधवा भाडेकरूला हा हक्क आजही आहे. तो तिला समन्सवरच ठळक अक्षरांत का सांगितला जात नाही, हा प्रश्न मला नव्या कायद्यापेक्षा निकडीचा वाटतो. इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2023 पासून जी योजना सुरू आहे, तिच्यात लेखी नोटीस मिळाल्यापासून मोफत सल्ला आणि सुनावणीच्या दिवशी न्यायालयात वकील मिळतो, तोही उत्पन्न न विचारता. त्यामुळे दाखल्यांसाठी वणवण करताना हजर राहण्याची तारीख उलटून एकतर्फी हुकूम होण्याचा धोका बराच कमी होतो.

दोन खोल्यांचा मालक:
उत्पन्न न विचारता फुकट वकील, हे मला अजिबात मान्य नाही. करदात्याने सधन भाडेकरूचा दावा का लढवावा? एक अट घातली तर मात्र मी विरोध सोडायला तयार आहे. वकील घेणाऱ्या भाडेकरूने वादात नसलेले चालू भाडे दरमहा न्यायालयात जमा करावे, आणि ते चुकले तर मुदतवाढ मिळू नये.

कैफियत:
चालू भाडे जमा करण्याची अट मला रास्त वाटते. मात्र घर राहण्यायोग्य नसल्याची तक्रार असेल, गळके छप्पर असेल किंवा पाणी तोडलेले असेल, तर किती भाडे ‘वादात नाही’ हे आधी न्यायाधीशांनी ठरवावे लागेल. आणि ती मागणी करणारा अर्ज पहिल्याच तारखेला लिहून द्यायला भाडेकरूजवळ कोणीतरी असावे लागेल.