गरिबीचं व्रत घेतलेल्या पाद्रीकडे स्वतःची पुस्तकं कशी काय?

रायतूरकरीण:
नमस्कार मंडळी, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे येशूवरचं जुनं मराठी काव्य, वाचतेय (१६१६ ला गोव्यातल्या आमच्या रायतूरलाच छापलेलं) आणि मनात आलं की त्या काळात युरोपात पाद्रींकडे खाजगी पुस्तकं असायची का? गरिबीचं व्रत घेतलं म्हणजे मालकीचं काहीच नको ना, मग पुस्तक कोणाचं? आणि पाद्री वारला की ती जायची कुठे? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा प्लीज.

जुने_कागद:
ताई, आधी दोन प्रकार वेगळे करा. गावच्या इगर्जीचा (चर्चचा) विगार, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, गरिबीचं व्रत घेत नाही, तो पुस्तकं विकत घ्यायचा, मृत्युपत्रात कोणालाही द्यायचा. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन वगैरे मठात राहणाऱ्या संघांचं तसं नाही, तिथे पुस्तक मठाचं, फक्त वापर त्या माणसाचा, म्हणून पहिल्या पानावर 'अमुक फादरच्या वापरासाठी' असं लिहिलेलं सापडतं. तो गेला की पुस्तक मठातच राहायचं.
आता हे आपल्याला कळतं कसं, तर साधारण १५९७ ते १६०३ मध्ये रोमहून इटलीतल्या मठांना हुकूम गेला की तुमच्याकडच्या पुस्तकांच्या याद्या पाठवा, लेखक, नाव, गाव, छापखाना, साल सगळं. एकेका फादरच्या खोलीतली पुस्तकंसुद्धा. हेतू बंदी घातलेली पुस्तकं हुडकण्याचा, पण त्यामुळेच आज कुठल्या कोपऱ्यातल्या साध्या पाद्रीकडे काय होतं ते दिसतं! व्हॅटिकनमध्ये त्याचे ६१ खंड आहेत. प्रवचनांचे संग्रह, कन्फेसर (पापांची कबुली ऐकणारे पाद्री) लोकांसाठीची मार्गदर्शक पुस्तकं, बायबलवरची भाष्यं, म्हणजे रोजच्या कामाचीच पुस्तकं जास्त. मला हे वाचायला फार आवडतं.

म्हापशाचो_वाचक:
माहिती मस्त दिलीत दादा, पण याद्यांवर डोळे मिटून विश्वास नको. ज्याच्याकडे बंदीचं पुस्तक होतं तो ते यादीत स्वतःहून कशाला लिहील? डच विद्वान इरॅस्मसच घ्या, रोमच्या १५५९ च्या बंदी-यादीत त्याचं सगळंच बंद, १५६४ ला थोडी ढील दिली, काटछाट करून वापरा म्हणून, त्यामुळे काही जुन्या प्रतींत त्याच्या नावावर आणि ओळींवर शाई फासलेली दिसते. पुस्तक टाकून दिलं नाही, शाई फासून ठेवलं, ह्यातच किती कळतं बघा.
इंग्लंडची गोष्ट निराळी, तिथलं चर्च रोमपासून वेगळं झालेलं, पाद्री लग्न करायचे, संग्रह घरचाच. आर्चबिशप पार्करने आपली हस्तलिखितं केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजला दिली ती अट घालूनच, दरवर्षी दुसऱ्या कॉलेजांनी येऊन तपासायचं, ठरलेल्यापेक्षा जास्त गहाळ झाली तर संग्रहच त्यांच्याकडे जाणार. थॉमस प्लूम नावाचा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) १७०४ ला वारला, त्याने सुमारे ८,००० पुस्तकं आपल्या माल्डन गावाला दिली आणि ती लायब्ररी अजून आहे. आधी डब्लिनचा आर्चबिशप असलेल्या मार्शने तर १७०५ मध्ये बिशप स्टिलिंगफ्लीटचा जवळपास १०,००० पुस्तकांचा संग्रह २,५०० पौंडाला विकत घेतला.

रायतूरकरीण:
वा, खूप आभार दोघांचे. मग आपल्याकडच्या मठांच्या पुस्तकांचं काय झालं?

जुने_कागद:
पोर्तुगालने १८३४ ला धर्मसंघ बंद केले, गोव्यातले मठही त्यानंतर लगेच बंद पडले आणि त्यांच्या ग्रंथांतले बरेच पणजीच्या सरकारी लायब्ररीत आले, ती १८३२ ची, आता पाटोवर आहे ती. तिथे जुनं पुस्तक बघायला मिळालं तर आधी पहिलं पान बघा ताई, वापरणाऱ्याचं नाव तिथे असू शकतं.