मदत हवी आहे: नाबलुसी कुनाफा – चीज खारट, तळ मऊ

निळाई: पॅलेस्टाईनमधल्या नाबलुस पद्धतीचा चीजचा कुनाफा (पाकात भिजवलेली गरम मिठाई) करतेय. कताईफी (शेवयांसारखे बारीक पिठाचे धागे) २५० ग्रॅम, अक्कावी चीज ३०० ग्रॅम, वितळलेलं लोणी १२० ग्रॅम, ताट २५ सेंमीचं. पाकाला २ वाट्या साखर, १ वाटी पाणी. चीज दोन तास पाण्यात ठेवूनही खारट लागतं. पाक घातला की तळाचा लगदा होतो, कापताना ताटात पाणी सुटतं. कुठे बिघडतंय? अक्कावीऐवजी पनीर चालेल का?

खवा_बर्फी: अक्कावी मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, त्याला दोन तास पुरत नाहीत. अर्धा सेंमी जाडीचे काप करून रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा, पाणी चार-पाच वेळा बदला आणि कापाच्या मधला तुकडा चाखून बघा. कडा आधी अळणी होतात, त्यावरून फसायला होतं. मग कुस्करून पंचात बांधा आणि तासभर वजनाखाली ठेवा. हे दाबणं टाळू नका. चीजमध्ये राहिलेलं पाणी आचेवर खाली उतरतं आणि कताईफी तुपात तळली न जाता वाफेवर शिजते. तुमचा लगदा तिथूनच सुरू होतो.

नुसतं पनीर नको. ते लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं, त्यामुळे कितीही तापवा, वितळत नाही, तार सुटत नाही. अक्कावी मिळालंच नाही तर दोन भाग मोझरेला, एक भाग किसलेलं पनीर घ्या.

साजूक: लोण्याऐवजी साजूक तूप घ्या, लोण्यातही पाणी असतंच. नाबलुसी कुनाफ्यात कताईफीचा थर खाली एकच, त्यामुळे २०० ग्रॅम पुरे. चीज ४०० पर्यंत वाढवा. कताईफी दोन सेंमीचे तुकडे करून तुपात हाताने चोळा, एकही धागा कोरडा राहू देऊ नका. ताटाला तूप लावून सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबा, वर चीज पसरा.

गॅस मंद ठेवून ताट सतत फिरवत १२-१५ मिनिटं भाजा. कडा ताटापासून सुटल्या की सुरीने उचलून तळ बघा. केशरी रंग तुपात घालणार असाल तर जास्त जपा: रंगामुळे कच्ची कताईफीही भाजल्यासारखी दिसते. मग थाळी पालथी घालून उलटा.

पाकाचं प्रमाण बरोबर आहे. उकळी आल्यावर चमचाभर लिंबाचा रस घाला म्हणजे साखर धरणार नाही. पाच-सहा मिनिटांत उतरवा. एकतारी झाला तर आत मुरत नाही. संत्र्याच्या फुलांचं पाणी गॅस बंद केल्यावरच, नाहीतर वास उडून जातो. कुनाफा कडकडीत गरम आणि पाक पूर्ण गार असला पाहिजे. निम्मा पाक घाला, उरलेला वाढताना बाजूला द्या.

निळाई: खूप आभार! पाहुणे उद्या रात्री आहेत. आज करून ठेवला तर?

साजूक: फक्त थर लावून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. भाजणं आणि पाक पाहुणे बसल्यावरच. थंड झाला की चीज चिवट होतं.