ज्योर्जो मान्गानेल्ली यांचे लेखन कोठून वाचायला घ्यावे?

प्रश्न – सायंवाचक

इटलीतील १९६० च्या दशकातील नव-अवाँगार्द, म्हणजे साहित्यात धाडसी प्रयोग करणाऱ्या, चळवळीविषयी वाचताना ज्योर्जो मान्गानेल्ली (१९२२–१९९०) हे नाव वारंवार समोर येते. उम्बेर्तो एको आणि इतालो काल्विनो यांना आपल्याकडे पुष्कळ वाचक आहेत. परंतु त्यांच्या या समकालीन कादंबरीकार-निबंधकाराविषयी मराठीत लिहिलेले काही माझ्या पाहण्यात आले नाही. ‘असत्य म्हणून साहित्य’ अशा शीर्षकाचा त्यांचा निबंधसंग्रह आहे, आणि माझी अडचण तेथेच सुरू होते. ज्या देशाने वीस वर्षांची फॅसिस्ट राजवट आणि महायुद्ध भोगले, तेथील लेखकाने साहित्याला असत्य म्हणावे, ही जबाबदारी झटकण्याची वृत्ती नव्हे काय? जाणकारांनी याविषयी लिहावे, आणि वाचनाची सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी हेही सुचवावे.

उत्तर १ – शब्दपाठी

आपली शंका रास्त आहे; तथापि मान्गानेल्ली यांचे आयुष्य पाहता त्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप टिकत नाही. मिलानमध्ये जन्मलेल्या या लेखकाने १९४५ मध्ये पाव्हिया विद्यापीठाची पदवी घेतली, आणि त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय सतराव्या शतकातील इटलीतील राजकीय विचार हा होता. युद्धाच्या अखेरच्या काळात ते प्रतिकार-लढ्यात उतरले, पकडले गेले आणि गोळ्या घातल्या जाण्यापासून थोडक्यात बचावले. १९५३ मध्ये मिलान आणि संसार मागे टाकून ते रोमला आले. तेथे ते १९७१ पर्यंत विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवीत होते, आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या परंपरेतील मनोविश्लेषक एर्न्स्ट बेर्नहार्ड यांच्याकडे त्यांनी उपचारही घेतले. ‘हिलारोत्राजेदिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९६४ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर प्रसिद्ध झाले.

आता ‘असत्या’विषयी. जगात एक जरी मूल भुकेने मरत असेल तोवर साहित्य रचणे अनैतिक आहे, हे मत १९६७ च्या त्या संग्रहातील त्याच नावाच्या निबंधाच्या आरंभीच उद्धृत केलेले आहे, आणि त्यापाठोपाठ, तसे असेल तर ते पूर्वीपासूनच अनैतिक होते, असा शेरा येतो. मान्गानेल्ली हा आरोप नाकारत नाहीत. लेखक निरुपयोगी असतो, तो दरबारातील विदूषकासारखा असतो, हे ते मान्य करतात, आणि माझ्या मते त्यांचे खरे बळ याच मान्यतेत आहे. फॅसिस्ट राजवटीने लेखकांना राष्ट्रसेवेला जुंपले होते. युद्धानंतर नववास्तववादाच्या, म्हणजे सामान्यांचे खडतर जगणे जसेच्या तसे मांडण्याच्या, काळात त्यांच्याकडून समाजसेवेची अपेक्षा केली गेली. दुसरी अपेक्षा पहिलीच्या तुलनेत कितीतरी सद्हेतूची होती, हे खरेच. परंतु दोन्हींमध्ये शब्दाने दुसऱ्या कोणाची तरी चाकरी करावी हे गृहीत होते. ज्याचा काहीच उपयोग नाही त्याला कोणीही कामाला लावू शकत नाही, ही त्यांची भूमिका मला बेजबाबदार तर वाटत नाहीच, उलट फार कठोर वाटते.

उत्तर २ – दुसरी आवृत्ती

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘हिलारोत्राजेदिया’ने सुरुवात करू नये, असे आवर्जून सांगतो. मनुष्याची प्रकृतीच खाली, मृत्युलोकाकडे, उतरत जाण्याची आहे, हे एकच प्रमेय घेऊन केलेला तो शास्त्रीय ग्रंथाच्या थाटाचा खटाटोप आहे. त्याची भाषा बरोक, म्हणजे अलंकारांनी लगडलेल्या, वळणाची, शब्दबंबाळ आणि विलक्षण सुंदर आहे, पण नवख्या वाचकाची दमछाक करते. १९६९ चे ‘नवे भाष्य’ तर अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथावरील टीपांचे पुस्तक आहे.

आपण ‘चेन्तुरिया’ घ्यावे. १९७९ मध्ये आलेल्या आणि त्याच वर्षी व्हियारेज्जो पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात शंभर कादंबऱ्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक साधारण एका पानाची आहे. नेहमीपेक्षा किंचित मोठे टंकलेखनाचे कागद हाताशी असल्याने एका कागदात एक कादंबरी बसवायची, असे त्यांनी ठरवले होते. हे पुस्तक कसे वाचावे याचा सल्लाही ते सुरुवातीला देतात: मजकुरात जितक्या ओळी तितक्या मजल्यांची गगनचुंबी इमारत मिळवावी, प्रत्येक मजल्यावर पुस्तक हाती घेतलेला एकेक वाचक उभा करावा, आणि मुख्य वाचकाने वरून उडी घ्यावी, म्हणजे तो ज्या मजल्यासमोरून खाली जाईल तेथील वाचक त्याला आपली ओळ मोठ्याने वाचून दाखवील. मजल्यांचा हिशेब मात्र चुकता कामा नये, नाहीतर जमिनीवर आदळण्यापूर्वी अवघडलेली शांतता पसरेल! हे वाचून हसू येते आणि पोटात गोळाही येतो. शंभराव्या कादंबरीत एक लेखक अशा लेखकाविषयी लिहितो, जो दोन लेखकांविषयी दोन पुस्तके लिहितो, आणि त्या दोघांपैकी एक सत्यावरील प्रेमापोटी लिहितो, तर दुसऱ्याला सत्याचे काहीच पडलेले नाही. आपल्या मूळ प्रश्नाचे यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही.

सायंवाचक

दोघांचेही मनापासून आभार. मग ते नव-अवाँगार्द लेखकांच्या ‘ग्रुप्पो ६३’ या गटाचे सभासद कितपत होते? आणि त्यांनी भारताविषयी लिहिले आहे, हे खरे आहे काय?

उत्तर ३ – तळटीप

ऑक्टोबर १९६३ मध्ये पालेर्मो येथे भरलेल्या बैठकीतून हा गट उभा राहिला. जर्मनीतील ‘ग्रुप्पे ४७’ हा लेखकांचा गट त्याचा आदर्श होता. सांग्विनेती, बालेस्त्रिनी, एको यांच्यासोबत मान्गानेल्लीही त्यात होते. पुढे गटाच्या ‘क्विंदिची’ या नियतकालिकात राजकीय भूमिकेवरून फूट पडली आणि १९६९ मध्ये गटही विसर्जित झाला. मान्गानेल्ली मात्र शेवटपर्यंत एकांड्या वाटेनेच चालले, असे मला वाटते.

भारताविषयीचे आपण ऐकले ते खरे आहे. १९७५ मध्ये ‘इल मोंदो’ साप्ताहिकासाठी ते भारतात आले, आणि त्या लेखांचे ‘भारताशी प्रयोग’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये निघाले. त्यात मुंबई आहे, म्हणून मराठी वाचकाने ते अवश्य मिळवावे. पासोलिनी आणि मोराव्हिया यांनी १९६१ च्या एकाच प्रवासावर लिहिलेली दोन पुस्तके सोबत वाचल्यास तीन इटालियन लेखकांच्या नजरेतील फरक स्पष्ट होतो.

‘चेन्तुरिया’चा हेन्री मार्टिन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. रोज दोन-तीन पानांपेक्षा अधिक वाचू नये. त्यानंतर १९७७ चे ‘पिनोक्यो: एक समांतर पुस्तक’ वाचायचे असेल, तर आधी कोल्लोदी यांची मूळ गोष्ट पुन्हा नजरेखालून घालावी, कारण मान्गानेल्ली तिच्या पहिल्याच वाक्यापाशी थांबतात आणि एकेका प्रकरणाचा माग काढत पुढे जातात.